आत्याच्या काठावरची टाचणी

गिरडच्या टेकड्यांमागच्या नाल्यावर पौर्णिमाला टाचणी दिसली आणि तिच्या डोक्याला उद्योग लागला. टाचणी म्हणजे चतुराची नाजूक बहीण. बसली की पंख मिटून घेते. ही काळी, शेपटीच्या टोकाला निळा ठिपका, आणि तिचं माहेर म्हणजे सह्याद्रीतल्या सदाहरित जंगलांमधले ओढे. वर्ध्याच्या उन्हात तिचं काय काम? पौर्णिमाने फोटो पाठवला तेव्हा जाणकार हसले. फोटो तिकडचा आणि गाव हिचं, असं एकाने लिहिलंही. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या पोरीला ते फार लागलं. शेवटी त्या जाणकारांतल्याच कोल्हापूरच्या भावना मॅडम स्वतःच पाहायला निघाल्या. टाचणी दिसली तर पौर्णिमा खरी, नाही तर थापाडी.

आता पाहुणी येणार म्हटल्यावर तिचे वडील नत्थूजी स्वस्थ बसतील तर शपथ. पौर्णिमा मॅडमना आणायला वर्ध्याला गेली, तेवढ्यात त्यांनी पोरं जमवली, विळे-कोयते काढले आणि दोन्ही काठांवरची झुडपं साफ केली. वर दगडांना चुनाही फासला, मंत्री येणार असल्यासारखा.

नाल्यावर पोचल्यावर पौर्णिमाचे पायच थांबले. ही टाचणी सावलीतली, पाण्यावर लोंबणाऱ्या पानांवर बसणारी. इथे तर ऊन नुसतं नाचत होतं.

"बाबा, हे काऊन केलं?"

"तुयी इज्जत राखाले, बेटा. पाहुणीले असा झिपरा नाला दाखवाचा का?"

पौर्णिमाला रडू येत होतं आणि बापाचा घामेजला, खूश चेहरा पाहून रागावताही येत नव्हतं. तेवढ्यात पौर्णिमाची नजर वळणापलीकडे गेली. तिथला काठ अजून हिरवागर्द होता.

तो तानाबाईंच्या शेताचा काठ. तानाबाई म्हणजे नत्थूजींची थोरली बहीण. विवेकच्या, म्हणजे पौर्णिमाच्या भावाच्या लग्नात आत्याच्या मानाची साडी गडबडीत दुसऱ्याच कुणाला नेसवली गेली, तेव्हापासून बहीणभावाचं बोलणं बंद. सकाळी पोरं विळे घेऊन आली तेव्हा त्या बांधावर मांडी ठोकून बसल्या होत्या. "नत्थूचा विळा माह्या झाडाले लागाचा नाई," असं त्यांनी ठणकावलं होतं.

पौर्णिमाने वडिलांकडे पाहिलं. नत्थूजी स्वतःच्या चपलांकडे पाहत होते. मग त्यांनी त्या बांधावर काढल्या आणि अनवाणी पुढे गेले.

"बाई, चुकलं माह्यं. साडीचंही अन् आजचंही. पोरीले तेवढं आत येऊ दे."

तानाबाईंनी त्यांना बराच वेळ ताटकळत ठेवलं. एवढा रुसवा फुकट थोडाच घालवायचा?

"पोरीले येऊ दे," त्या म्हणाल्या. "विळा तिकडंच ठेवजो."

आत गार अंधार होता. ओल्या पानावर एक निळा ठिपका हलला, मग शेजारी दुसरा. मॅडमनी कॅमेरा उचलला, पण आधी पौर्णिमाचा हात घट्ट दाबला. पौर्णिमाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी तिने ते येऊ दिलं.

"हा काठ इतका छान कुणी राखला?" मॅडमनी विचारलं.

पौर्णिमा तोंड उघडणार तोच मागून नत्थूजी म्हणाले, "आमच्या बाईनं."

तानाबाईंनी पदराने नाक पुसलं आणि भावाकडे न बघताच विचारलं, "चहात साखर अजून तेवढीच लागते का तुले?"