वेदीमागच्या भिंतीचं पोट

पूर ओसरला तेव्हा चर्चच्या तीन भिंती उभ्या होत्या आणि माझ्या बेकरीची एकही नव्हती. त्यामुळे चर्च बांधायला माणसं हवीत म्हटल्यावर रिकामटेकडा असा मीच पहिला सापडलो. सगळ्या कामावर देखरेख माझ्या सासऱ्यांची. ते गवंडी. आमच्याकडच्या निम्म्या भिंती त्यांनी बांधलेल्या आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांनी नावं ठेवलेली.

निघताना बायकोनं दारातच अडवलं. "बाबांच्या जवळ राहा. त्यांचे हात थरथरायला लागलेत, थापी धरवत नाही. पण हे कुणाला कळलं ना, तर लाजेनं ते पुन्हा घराबाहेर पडायचे नाहीत. सांगून ठेवते."

"मग त्यांना सांग ना, घरी बसा म्हणून."

"तुम्हीच सांगा."

मी मुकाट्यानं चपला घातल्या. वीस वर्षांच्या संसारात एवढं शहाणपण येतंच.

पहिल्या दिवशी सासऱ्यांनी मला सिमेंटचा माल कालवायला बसवलं. मळणं हा तर माझा जन्माचा धंदा. म्हटलं, आता दाखवतोच यांना. असा मळला, असा मळला, की मदतीला आलेला शिंपी कौतुकानं बघत उभा राहिला. मग सवयीनं मी सहाही घमेल्यांवर ओलं फडकं टाकलं, ती उन्हातल्या कोपऱ्यात ठेवली आणि घरी जेवून जरा आडवा झालो. परत आलो तर घमेल्यांत सहा दगड.

"हे काय, जावईबापू?" सासऱ्यांनी विचारलं.

"जरा मुरू दिलं, मामा."

"बरं. फुगलं का?"

त्या दिवसापासून मी दिसलो की कुणीतरी विचारायचंच, फुगलं का. फादरसुद्धा. चिडून सांगणार कुणाला? आपलेच दात नि आपलेच ओठ.

वेदीमागच्या भिंतीला मात्र सासऱ्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. सगळ्यांची नजर जाणार ती तिथेच. दुपारी सगळे जेवायला गेले, मी मागे राहिलो. थापी भिंतीला टेकली की टकटक वाजत होती. उजवं मनगट डाव्या हातात धरून ते गिलावा ओढत होते. त्यांनी मला बघितलं, पण थापी खाली ठेवली नाही. मी पुढे होऊन घमेलं वर धरलं.

संध्याकाळी सगळे जमले तेव्हा वाळत आलेल्या भिंतीला मधोमध पोट आलेलं, चांगलं परातीएवढं. सुतार ओळंबा घेऊन पुढे झाला. सासऱ्यांचा चेहरा उतरला.

"मी केलं ते," मी म्हणालो. "मामांची पाठ वळली, म्हटलं आपणही हात मारून बघावा."

"भिंत जावयावर गेली म्हणायची!" सुतार माझ्या पोटाकडे बघून म्हणाला.

"फुगलं एकदाचं!" शिंपी ओरडला.

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सासरे तेवढे जमिनीकडे बघत राहिले. गिलावा पाडून पुन्हा करायला सिमेंट उरलं नव्हतं. त्यातलं बरंचसं मीच मुरवलेलं.

रविवारी नवं चर्च गच्च भरलं. फादर एकेका कामाबद्दल आभार मानत वेदीमागच्या भिंतीपाशी आले आणि जरा थांबले. लोक फिदीफिदी हसले. तेवढ्यात सासरे उठून उभे राहिले.

"ती भिंत माझ्या हातची आहे," ते म्हणाले. "जावयाची काही चूक नाही. माझे हात आता चालत नाहीत."

मग फादरनी चष्मा काढून डोळे पुसले.

"बघा! जावयाची अब्रू राखायला या माणसानं स्वतःच्या कसबाला बट्टा लावून घेतला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सुतारानं उठून सासऱ्यांना मिठी मारली. माझ्याकडे मात्र सगळे असे बघत होते, की मेल्या, जनाची नाही तर मनाची तरी ठेव.

"अहो, खरंच सांगतोय मी!" सासरे ओरडले. टाळ्या आणखी वाढल्या.

ते धपकन माझ्याशेजारी बसले. "जन्मात पहिल्यांदा चूक कबूल केली, तर एकाचाही विश्वास बसेना."

"माझा आहे ना, मामा."

"तुमच्या विश्वासाला कुत्रं विचारतंय का?" ते पुटपुटले. पण त्यांचा थरथरणारा हात सगळ्यांदेखत माझ्या गुडघ्यावर होता, आणि प्रार्थना संपेपर्यंत त्यांनी तो काढला नाही.