तीनशे बारा शिफारशी

फोन वाजला तेव्हा मी भांडी घासत होतो. वाजणारा फोन माझा नव्हता, बायकोचा होता. ती जाऊन सात महिने झाले, पण तिचा फोन मी रोज चार्ज करतो आणि ती ठेवायची तिथेच, शिलाई मशीनच्या शेजारी, ठेवतो. का करतो हे मला कुणी विचारलेलं नाही, म्हणून उत्तरही शोधावं लागलेलं नाही.

ओल्या हातानेच उचलला.

“ताई, अहो तुमचं पान कुठं गेलं?” पलीकडे एक बाई होत्या. आवाज मोठा, मागे दुसऱ्या कुणाची मशीन चालू. “काल दुपारपासून शोधतेय. पट्टा बदलला तेव्हापासून टाका सुटतोय. नेहमीसारखं लिहिलं, ‘मशीन टाका सोडते’, तर भलतेच लोक येतात, मशीन विकणारे. मला विकत नकोय, माझी आहे की!”

“मी त्यांचे मिस्टर बोलतोय.”

“बरं बरं. ताईंना द्या ना जरा.”

“त्या वारल्या. सात महिने झाले.”

मागची मशीन थांबली. बाईंनी हाताने खूण केली असणार.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या. “आता मी विचारू कुणाला?”

मला राग आला नाही. सात महिन्यांत लोकांनी मला बरंच काय काय म्हटलं होतं. पण तिच्यावाचून आपलं काही अडलंय, असं कुणीच म्हटलं नव्हतं.

“पान आधी सापडायचं का लगेच?” मी विचारलं.

“लगेच म्हणजे? पहिलंच यायचं. दोन वर्षं बघत होते मी, मधे सहा महिने गावी होते, काम बंद होतं, तेवढंच नाही. शिवणकाम करते, रोज काही ना काही बिघडतंच. त्यांचं पान उघडायचं, ते सांगतील तसं करायचं. एकदा अगदीच जमेना तेव्हा पत्र लिहिलं, तर त्यांनी स्वतःचा नंबर पाठवला. म्हणाल्या, लिहिण्यात वेळ घालवू नका, फोन करा.”

पहिलंच यायचं. हे मला माहीत नव्हतं. आणि माझा धंदाच तो आहे.

मी त्यांना म्हटलं संध्याकाळपर्यंत कळवतो, हात पुसले आणि कॉम्प्युटर उघडला. ‘मशीन टाका सोडते’ असं लिहिलं. पहिल्या पानावर ती नव्हती. दुसऱ्यावर नव्हती. चौदाव्या पानापर्यंत गेलो. मग ‘दोरा खालून गुंततो’ लिहिलं, ‘सुई सारखी मोडते’ लिहिलं. कुठेच नाही. थेट पत्ता टाकला तर साइट जागच्या जागी होती. चौऱ्याऐंशी पानं, प्रत्येक पानावर मशीनचा एकेक आजार, आणि फोटोत तिची बोटं. फक्त शोधणाऱ्याला ती दिसत नव्हती.

हे कुणी केलं ते मला त्याच क्षणी कळलं.

माझं काम थोडक्यात सांगतो. मी आधी एका छापखान्यात होतो, तो बंद पडल्यावर या धंद्यात आलो. लोकांच्या साइट सर्चमध्ये वर आणायच्या. त्यातही माझं काम साइटच्या बाहेरचं, त्याला ऑफ-पेज म्हणतात. दुसऱ्या साइटनी तुमची लिंक दिली की सर्च ती शिफारस धरतो. जितक्या चांगल्या ठिकाणच्या शिफारशी, तितके तुम्ही वर. म्हणून मी दिवसभर लोकांना पत्रं लिहितो, चर्चेत भाग घेतो, लेख लिहून देतो, आणि त्यात आमच्या गिऱ्हाइकाची लिंक बसवतो. बारा वर्षं झाली. गाद्यांचं दुकान, दातांचा दवाखाना, सामान हलवणारे, सगळ्यांना मी पहिल्या पानावर नेलं आहे.

बायकोला हे समजावलं तेव्हा ती म्हणाली होती, “म्हणजे तुम्ही लोकांकडून खोटं कौतुक करवून घेता.”

“खोटं नाही. मागून घेतलेलं.”

“अहो, मागून घेतलेलं कौतुक म्हणजे उसनं आणलेलं पातेलं. त्यावर नाव दुसऱ्याचंच असतं.”

तिचे वडील शिलाई मशीन दुरुस्त करायचे. शाळा सुटली की ती त्यांच्या दुकानात बसायची. लग्नानंतर घरातली मशीन सोडून तिने कशाला हात लावला नाही. मग पन्नाशीत एके दिवशी म्हणाली, मला एक साइट करून द्या, मला येतं ते मी लिहून ठेवते. मी एका रविवारी करून दिली. पुढची चार वर्षं ती लिहीत राहिली.

सुरुवातीला दोन-तीनदा तिने मला टोचलं. “सगळ्या गावाला वर चढवता, माझं कधी चढवणार?”

“हातातलं काम संपलं की.”

“गाद्यावाल्यांना झोप लागली की सांगा.”

मग तिने विचारणं सोडलं. मला वाटलं, हौस फिटली. मी एकदाही तिचं पान शोधून पाहिलं नाही. रोज सकाळी गिऱ्हाइकांची चाळीस-चाळीस नावं शोधून त्यांचा नंबर वहीत लिहिणारा माणूस मी.

ती अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होती. नवव्या दिवशी तिला जरा बोलता येत होतं. म्हणाली, “मेलवर लोकांचे प्रश्न येऊन पडले असतील. माणसं खोळंबलेली असतात हो मशीन उघडून.”

मी म्हणालो, “तू बरी हो. मी तुझी साइट पहिल्या नंबरावर आणतो, बघ तू.”

“तसं नाही हो,” ती म्हणाली, आणि तेवढ्यात नर्स सलाइन बदलायला आली. नर्स गेली तोवर तिला झोप लागली होती. त्या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही.

ती गेल्यावर घरात येणारी-जाणारी माणसं संपली, मेव्हणी दोन आठवडे राहून परत गेली, आणि मी कॉम्प्युटरसमोर बसलो. नऊ दिवसांत तीनशे बारा लिंका लावल्या. दिसेल त्या यादीत, दिसेल त्या चर्चेत, दिसेल त्या लेखाखाली. सगळीकडे तेच तीन शब्द, ‘शिलाई मशीन दुरुस्ती’. असं करायचं नसतं हे मी नवीन लोकांना पहिल्या दिवशी शिकवतो. सावकाश लावा, दरवेळी शब्द बदला, जिथे विषयाचा संबंध आहे तिथेच लावा. नाहीतर सर्चला कळतं की या शिफारशी कुणी ओळीने उभ्या केल्यात. मला सगळं ठाऊक होतं. पण एक लिंक लावली की पुढची लावेपर्यंत बरं वाटायचं. तीनशे बारावीनंतर थांबलो आणि मग कधी तपासलं नाही. तपासलं असतं तर तिच्यासाठी करण्यासारखं काही उरलं नसतं, असं काहीतरी मनात असावं.

बाईंचा फोन आला त्या दिवशी ऑफिसला गेलो आणि शेजारच्या टेबलावरच्या चष्म्याला दाखवलं. त्याला आम्ही चष्मा म्हणतो, कारण आकडा चुकला की तो आधी चष्मा काढतो आणि मग बोलतो. त्याने चष्मा काढला.

“काका, नऊ दिवसांत तीनशे? हे कुठल्या दिवट्याचं काम?”

“माझं.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. साइटचं नाव पुन्हा वाचलं. फोटोतली बोटं पाहिली. मग हळू आवाजात म्हणाला, “मी कुणा गिऱ्हाइकाचं असं केलं असतं, तर तुम्ही मला जिन्यावरून खाली ढकललं असतंत.”

“ढकललंच असतं.”

“सर्चची नोटीस आली असणार. साइटच्या मालकाला मेल येते. तुम्ही बघितली नाहीत?”

“मालक ती आहे.”

चष्म्याने चष्मा परत लावला. “मेल उघडा,” म्हणाला. “सगळ्या लिंकांची यादी काढा. ज्या काढून टाकता येतील त्या काढा, बाकीच्यांची फाइल करून सर्चला कळवा की या धरू नका. मग अर्ज करा. पण काका, आंधळेपणाने सगळी यादी फाइलमध्ये टाकू नका. आधी एकेक बघा.”

घरी येऊन मशीनचा छोटा खण उघडला. त्याच्या झाकणाला आतून तिने कागद चिकटवला होता, त्यावर मेलचा पासवर्ड. शेजारी सुया, तुटलेलं बॉबिन आणि खडूचा तुकडा. सात महिन्यांत तो खण मी उघडला नव्हता.

नोटीस होती. साडेपाच महिन्यांपूर्वीची. साइटकडे येणाऱ्या लिंका बनावट वाटतात, सबब साइट शोधात दाखवली जाणार नाही.

त्या नोटिशीच्या वर-खाली पत्रं होती. एकोणतीस. ‘ताई, पायडल जड झालंय.’ ‘ताई, जाड कापडावर सुई अडते.’ एकाने पाठोपाठ तीन पत्रं लिहिली होती, तिसऱ्यात फक्त एवढंच, ‘ताई, बऱ्या आहात ना?’ नोटिशीच्या तारखेनंतर मात्र पत्रं कमी होत गेली होती. गेल्या दोन महिन्यांत एकही नाही.

हॉस्पिटलमध्ये ती या पत्रांचं सांगत होती. तिने सरळ शब्दांत सांगितलं होतं. मीच माझ्या धंद्याचं उत्तर दिलं.

मग लिंकांची यादी काढली. तीनशे अठ्ठावन्न निघाल्या. मी लावलेल्या तीनशे बारा. म्हणजे शेहेचाळीस माझ्या नव्हत्या. त्या आधीच्या होत्या. एकेक उघडून बघितली. शिवण शिकवणाऱ्या एका शाळेने मुलींना वाचायला दिलेलं पान. जुनी यंत्रं जमवणाऱ्या एका निवृत्त माणसाची नेटवरची वही. तुरुंगातल्या शिवणखात्याची सूचनांची यादी, त्यात तिची सहा पानं. एका बाईने लिहिलं होतं, ‘या ताईंनी आईच्या मशीनसाठी माझ्याशी तीन दिवस पत्रव्यवहार केला. शेवटी कळलं की सुई मीच उलटी बसवली होती. त्या मला हसल्या नाहीत. मी मात्र अजून हसते.’

तिने यातल्या कुणाकडे काही मागितलं नव्हतं. त्या शेहेचाळीस जणांच्या सांगण्यावर ती पहिली होती. माझ्या तीनशे बारांनी तिला खाली ओढलं.

अंधार पडायच्या आत मी शिवणकाम करणाऱ्या बाईंना फोन लावला.

“पान आहे,” म्हटलं. “शोधून सापडत नाही, पण आहे. मी वाचून दाखवतो.”

“थांबा, मशीनपाशी बसते. हं.”

मीही मशीनपाशी बसलो. ‘पट्टा बदलल्यावर टाका सुटत असेल तर’ या पानावरचं वाचायला लागलो. “आधी हात मशीनवरून काढा. दोष मशीनचा आहे असं लगेच ठरवू नका. पट्टा बदलताना चाकाला धक्का लागला असेल आणि सुई थोडी खाली सरकली असेल.”

“त्याच बोलतायत असं वाटतंय,” बाई म्हणाल्या.

मी थांबलो.

“वाचा हो, थांबू नका. मला उद्या काम द्यायचंय.”

पुढे वाचत गेलो. सुईचा स्क्रू सैल करायचा, सुई वरपर्यंत सरकवायची, खाच कुठल्या बाजूला ते बघायचं. मला काही कळत नव्हतं, म्हणून तिच्या मशीनवर मीही तसंच करून बघत होतो, आणि जमलं की ‘हं’ म्हणून पुढचं वाचत होतो. एकदा बाई म्हणाल्या, “अहो, ‘हं’ काय करता, मी अजून सुई काढलीच नाही!” तिसऱ्या खेपेला तिकडून मशीन चालल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला, लांबलचक, न तुटता.

“बसला टाका,” त्या म्हणाल्या. “आता मला त्या पानाचा पत्ता द्या. परत शोधत बसायला नको.”

मी एकेक अक्षर सांगितलं. त्या पुन्हा म्हणून दाखवत होत्या आणि मधे खरखर येत होती.

“कशावर लिहिताय?”

“भिंतीवर. खडूने. मशीनच्या अगदी समोर. पुसलं तर परत गिरवीन. इथे अजून चौघीजणी शिवतात, त्यांनाही सांगते.”

भिंतीवरची लिंक सर्चला दिसत नाही. कुठल्याच यादीत ती धरली जाणार नाही. तरी मी ती वहीत लिहिली, शेहेचाळीसच्या खाली, सत्तेचाळीसावी.

याला आता सहा आठवडे झाले. ऑफिसला जायच्या आधी आणि आल्यावर मी पत्रं लिहितो. बारा वर्षं लिंक लावा म्हणून लिहिली, आता काढा म्हणून लिहितो. एकाने उलट विचारलं, “तुम्हीच लावा म्हणालात, आता तुम्हीच काढा म्हणता. झालं काय?” मी लिहिलं, “माझी चूक झाली.” त्याने त्याच दिवशी काढली. काही साइटना आता मालकच नाही, तिथून उत्तर येत नाही. त्या फाइलमध्ये जातील.

अर्जात एक मोठा रकाना आहे. या लिंका कुणी लावल्या, का लावल्या, आणि पुन्हा असं होणार नाही याची खात्री काय, ते तुमच्या शब्दांत लिहा. ‘कुणी’ लिहून झालंय. ‘का’ तीनदा लिहून खोडलं.

तीनशे बारांपैकी एकशे एकोणीस निघाल्या. एकशे त्र्याण्णव राहिल्या आहेत. एकोणतीस पत्रांपैकी अकरांना उत्तर गेलं, तिच्या पानांवरून शोधून. अठरा राहिली. त्यातल्या एका माणसाची मशीन फक्त सकाळी पहिला टाका सोडते, नंतर दिवसभर नीट चालते. चौऱ्याऐंशी पानं मी दोनदा वाचली. त्याचं उत्तर तिने कुठे लिहून ठेवलेलं नाही. त्याला अजून काही कळवलेलं नाही.