आतून लावलेलं कुलूप

मी एक कुलूप बोलतोय. जरा जपून हात लावा. माझी एक कड कापलेली आहे आणि ती अजून धारदार आहे.

हासिंतो लोहाराच्या दुकानात, मोडक्या कड्या आणि गंजलेल्या बिजागऱ्यांच्या खोक्यात मी पडून असतो. दुकानाच्या दारातून सरोवराचं पाणी दिसतं, कोळ्यांच्या होड्या दिसतात, पलीकडचा डोंगर दिसतो. मेक्सिकोतलं हे आमचं गाव पाहायला लांबून लांबून लोक येतात. काही जण राहूनही जातात. त्यांतल्याच एकीची ही गोष्ट आहे, आणि तिच्यात मी फार जवळून अडकलो होतो.

माझा जन्म याच दुकानात झाला. हासिंतोचे केस तेव्हा काळे होते. शेजारच्या गल्लीतला रामिरो तरुणपणी एकटाच उत्तरेला, शिकागोला गेला. तिथे राबून त्याने गावात घर बांधवून घेतलं. अंगण, लिंबाचं झाड, खिडक्यांना गज, भिंतीवर काचांचे तुकडे आणि पुढे हे लोखंडी दार. त्याने फोनवरून सांगितलं, "हासिंतोकाका, कुलूप दोन्ही बाजूंनी किल्लीचं करा. चोर भिंतीवरून उतरला तरी दारातून सामान नेता येऊ नये." हासिंतोने तसंच केलं. माझं एक तोंड गल्लीकडे, एक अंगणाकडे. बाहेरून किल्ली लागते, आतूनही लागते.

ज्याच्यासाठी मला घडवलं त्या रामिरोचा हात मला कधी लागला नाही. त्याच्याकडे तिथे राहण्याचे कागद नव्हते. एकदा बाहेर पडला असता तर परत आत शिरता आलं नसतं. त्याची आई वारली तेव्हाही तो येऊ शकला नाही. त्याची बहीण चायो शेजारी राहायची. एक किल्ली तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात असायची. दर रविवारी ती मला उघडायची, अंगण झाडायची, लिंबं वेचायची आणि जाताना पुन्हा मला लावायची. रिकाम्या घराचं कुलूप असणं म्हणजे काय, ते तेव्हा मी शिकलो.

मग मार्लीन आली.

मार्लीन कॅनडातल्या सपाट, बर्फाळ मुलखातली. तिकडे शाळेची बस चालवायची. लग्न केलं नव्हतं. म्हाताऱ्या आईचं शेवटपर्यंत तिनेच केलं, आणि आई गेल्यावर घर विकण्यावरून भावाशी बोलणं तुटलं. एका हिवाळ्यात ती आमच्या गावात सुट्टीला आली. उन्हात बसून ती संत्र्याचा रस प्यायली, आणि आता इथेच राहायचं असं तिने ठरवून टाकलं. रामिरोचं घर भाड्याने घेतलं तेव्हा ती मैत्रिणीशी फोनवर बोलत होती ते मी ऐकलं. "अगं, सगळी चौकशी केली मी. हवा कशी, वीज किती वेळा जाते, इंटरनेट कसं आहे, डास किती, डॉक्टर किती लांब. डोळे मिटून नाही आले."

खरंच तिने पुष्कळ चौकशी केली होती. फक्त एक गोष्ट विचारायची राहिली होती, आणि ती कुणी तिच्या लक्षातही आणून दिली नाही.

पहिले महिने बरे गेले. गावात कॅनडा-अमेरिकेतले बरेच निवृत्त लोक होते. ते सकाळी चौकातल्या कॉफीच्या दुकानात जमायचे. त्यांच्यात गॉर्डन नावाचा एक गृहस्थ होता. त्याला सगळ्यातलं सगळं कळायचं. त्याने एक दिवस दारात उभं राहून विचारलं, "शेजारणीकडे किल्ली आहे तुझ्या घराची?"

"हो. घरमालकाची बहीण आहे ती."

"मग? उद्या तिचा भाचा येईल, पुतण्या येईल. काढून घे किल्ली. इथे एकट्या बाईने राहायचं तर हे पहिलं काम."

मार्लीनला आमची भाषा येत नव्हती. तिच्या फोनमधलं भाषांतराचं यंत्र तिच्यासाठी बोलायचं. दुसऱ्या दिवशी तिने ते चायोपुढे धरलं. यंत्र खणखणीत आवाजात म्हणालं, "तुमच्याकडची माझी किल्ली ताबडतोब परत करा."

चायोच्या हातात ओला झाडू होता. तो तिने भिंतीला टेकवला. मग गळ्यातला दोरा काढून किल्ली सोडवत म्हणाली, "घे ना बाई. मागायला एवढं यंत्र कशाला? पण तुला कधी बरं-वाईट झालं, तर मी आत यायचं कसं?"

मार्लीनला एक अक्षर कळलं नाही. ती हसली, मान हलवली आणि किल्ली घेतली.

त्या दिवसापासून दोन्ही किल्ल्या एकाच खिळ्यावर, दाराशेजारी आत टांगलेल्या राहू लागल्या. रोज दिवस मावळायच्या आत मार्लीन मला लावायची. मग परत येऊन ओढून बघायची. चायो कधी ताट घेऊन आली तर दार न उघडताच आतून तिला पाठ झालेले दोन शब्द म्हणायची, "नको, आभार." मनाने ती वाईट नव्हती. तिला पुढचं बोलता येत नव्हतं, आणि न कळता नुसतं हसत उभं राहण्याची तिला लाज वाटायची. शिकवणीला ती दोनदा गेली आणि सोडून दिली. माझ्यावर हात ठेवून ती कधी कधी नुसतीच उभी राहायची. बाहेर बायका हसत बोलत जायच्या, आणि त्यांची पावलं दूर जाईपर्यंत ती ऐकत राहायची. किल्ली खिळ्यावरच असायची.

उन्हाळा लागला तशी परदेशी मंडळी आपापल्या घरी गेली. गॉर्डनही गेला. मार्लीन राहिली. तिचं घर तर विकलं गेलं होतं. ती कुठे जाणार?

जुलैत आमच्या गावच्या संताची जत्रा भरते. दिवसभर बँड वाजतो आणि उजाडल्यापासून आकाशात शोभेचे बाण फुटतात. त्या जत्रेतली ती सकाळ. आदल्या संध्याकाळी पाऊस झाला होता आणि अंगणातल्या फरश्यांवरचं शेवाळ निसरडं झालं होतं. दारावरचा दिवा विझवायला मार्लीन रोजच्यासारखी स्वयंपाकघरातून निघाली. दिव्याचं बटण माझ्या शेजारीच होतं. ती माझ्यापर्यंत पोहोचलीच नाही. पाय सटकला आणि ती कुशीवर आपटली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

फोन आत, चार्जिंगला लावलेला. किल्ल्या वर, खिळ्यावर. ती कोपरांवर सरपटत दारापर्यंत आली. हात वर केला. खिळा तिच्या बोटांपासून हातभर उंच राहिला. पुन्हा केला. मग डोकं दाराला टेकून ती ओरडायला लागली. इंग्रजीत. गल्लीतून बँड चालला होता.

दुपारी चायो आली. तिने दारावर टकटक केली. "बाई, जत्रेचं पोसोले आणलंय. मक्याचं आहे. तिखट वेगळं ठेवलंय, तुला सोसत नाही म्हणून."

माझ्या एका अंगावर चायोची बोटं वाजत होती, आणि दुसऱ्या अंगावर मार्लीनची नखं खरवडत होती. मध्ये मी. मार्लीनचा घसा बसला होता. तिने काहीतरी म्हटलं, आणि त्याच वेळी वर बाण फुटला. चायोने कान दिला, थोडी थांबली. मग आपल्याशीच म्हणाली, "नको असेल. हिला किल्ली नको, जेवण नको, माणूसच नको." आणि ती गेली. पायऱ्या उतरणारी तिची पावलं मार्लीननेही ऐकली.

लोखंडाला रडता येत नाही म्हणतात. पण मला त्या दिवशी स्वतःचाच दांडा मागे ओढता आला असता, तर मी कायमचा मोडायला तयार होतो.

दुसऱ्या दिवशी चायो गल्ली झाडायला आली आणि झाडता झाडता थांबली. दारावरचा दिवा लख्ख उन्हात जळत होता. आदल्या दिवशीही तो जळताना तिने पाहिला होता, पण जत्रेच्या गडबडीत मनावर घेतलं नव्हतं. ही बाई तर दिवा एक मिनिट जास्त ठेवत नसे. चायो जमिनीवर ओणवी झाली आणि तिने दाराखालच्या फटीला कान लावला.

"मार्लीन?"

आतून खरवडल्याचा आवाज आला.

चायोने पळत जाऊन हासिंतोला आणलं, आणि दारातूनच शिकागोला भावाला फोन लावला. "दादा, तुझं दार तोडायला लागतंय. ती आत पडलीय. किल्ली नाही माझ्याकडे."

फोन मोठ्या आवाजावर होता. रामिरो म्हणाला, "विचारत काय बसलीस? तोड." मग वेगळ्याच आवाजात म्हणाला, "चायो, इथे पहिल्या हिवाळ्यात मी तापाने असाच पडलो होतो. तुम्हाला सांगितलं नाही कधी. जिन्यात कुणाची चाहूल लागतेय का, तेवढंच ऐकत पडलो होतो. तोड लवकर."

हासिंतोने कटर लावायला घेतला आणि थबकला. "ती दाराला चिकटून पडलीय गं. ठिणग्या थेट तोंडावर उडतील."

चायो फटीतून ओरडली, "डोळे झाक. तोंड झाक, मार्लीन." आतून उत्तर नाही. यंत्र स्वयंपाकघरात, शब्द कुणाकडेच नाहीत. तेव्हा चायोने डोक्यावरची शाल काढली, रस्त्यावरच्या नळाखाली भिजवली आणि फटीतून आत सरकवली. शालीमागून आपली बोटंही घातली, मनगट खरचटेपर्यंत. पलीकडून मार्लीनच्या बोटांनी ती पकडली. बराच वेळ सोडलीच नाहीत. मग शाल हळूहळू आत ओढली गेली, आणि मी माझ्या आतल्या तोंडाने पाहिलं, मार्लीनने ती चेहऱ्यावर घेतली होती.

"आता," चायो म्हणाली.

"मीच बसवलं होतं हे," हासिंतो पुटपुटला, आणि त्याने माझ्यावर पातं टेकवलं. कसं वाटलं ते विचारू नका. दार उघडलं, एवढंच सांगतो.

पुढचं मी चायोच्या तोंडून ऐकलं. ती हासिंतोला सांगत होती. मार्लीनला ग्वादालाहारा शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे नर्सने विचारलं, "पेशंटचं कोण आहे?" चायो म्हणाली, "मी. बहीण." नर्सने मार्लीनचे निळे डोळे बघितले, चायोचा सावळा चेहरा बघितला. "सख्खी?" चायो म्हणाली, "वडील वेगळे." हे सांगताना चायो स्वतःच हसत सुटली, आणि हासिंतोच्या हातातून सांडशी पडली.

ऑपरेशन झालं. मार्लीन पावसाळाभर चायोच्या घरी खाटेवर होती. भाषा तिथेच शिकली, शेंगा सोलता सोलता. अजून क्रियापदं चुकवते.

परवा ती काठी टेकत या दुकानात आली. चायो सोबत होतीच. नवं कुलूप करायला टाकायचं होतं, आतून नुसत्या मुठीने उघडणारं. हासिंतोची नात हिमेनाही तिथे होती. शिकलेली पोर आहे ती. कॅनडात म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात तिला काम मिळालंय. येत्या आठवड्यात निघायची आहे, एकटीच.

"मावशी, तुम्ही तिकडच्याच ना?" तिने मार्लीनला विचारलं. "थंडी खूप असते का हो? कोट इथून नेऊ की तिथे घेऊ?"

"कोट तिथे," मार्लीन म्हणाली. मग शब्द शोधत, एकेक करून ठेवत म्हणाली, "कोट सोपा. तू मला सांग. तिथे तू दोन दिवस दिसत नाही. कोण विचारतं, हिमेना कुठे?"

हिमेना हसली. "कामावरचे विचारतील की."

"सुट्टीचे दोन दिवस."

 हासिंतोचा घण थांबला होता. तो नातीकडे बघत होता.

मार्लीन बाकावर बसली. तिने फोन काढला, पण बराच वेळ तो नुसता हातात धरून ठेवला. मग नंबर लावला. पलीकडे म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला.

"वॉल्टर, मी मार्लीन."

तिचा भाऊ होता तो. त्याने काही म्हणायच्या आत ती घाईने पुढे बोलली.

"फोन ठेवू नकोस. भांडायला नाही केला. इथली एक मुलगी तुमच्या बाजूला येतेय, एकटीच. तिला तिथे कुणी नाही. दर रविवारी तिला एक फोन करशील? जेवलीस का, एवढंच विचारायचं. मला सांगायला तुझ्याशिवाय दुसरं कुणी नाही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, फोन ठेवतोय बहुतेक.

"करीन," तो म्हणाला. "आणि तुला कोण करतं गं?"

 मार्लीनने तोंडावर हात धरला आणि तिचे खांदे हलायला लागले. चायोला पलीकडचं बोलणं समजलं नव्हतं, पण ती उठून तिच्या शेजारी जाऊन बसली. वॉल्टर तिकडून म्हणत राहिला, "मार्लीन? ऐकतेस ना? मी आहे फोनवर. सावकाश बोल."

माझ्यापुरतं सांगायचं तर माझा दांडा बाहेर निघालेल्या अवस्थेतच कापला गेलाय. तो आता आतही जात नाही, बाहेरही येत नाही. हासिंतो एक दिवस मला भट्टीत टाकील, तोवर इथून येणारे-जाणारे बघायचे. खूप जण निघण्याच्या तयारीत असतात. कुणाच्या खांद्यावर नवी बॅग, कुणाच्या पायात नवे बूट. त्यांना हाक मारावीशी वाटते. खुशाल जा बाबांनो, पण ज्या घरात राहाल त्याच्या कुलपाला आधी विचारा, बाहेरून उघडणारं कुणी आहे का?