झुंबरबाईचा प्रश्न

"हळू घे रे! म्होरं खड्डा हाय!" झुंबरबाईने मागून मुलाच्या खांद्यावर चापट मारली.

बिभीषणने रिक्षा आणखी हळू केली. एक सायकलवाला त्यांना मागे टाकून निघून गेला. सासूशेजारी बसलेली सुरेखा दात आवळून म्हणाली, "आत्याबाई, अजून माझ्या पोटात पान्याबिगर कायबी न्हाई. आन् ते आता थांबंना! पळवायला सांगा त्यास्नी."

टेस्ट ट्यूब बाळासाठी बाहेर वाढवलेला गर्भ आज सुरेखाच्या गर्भाशयात सोडायचा होता; सोडताना सोनोग्राफीत नीट दिसावं म्हणून दवाखान्याने तिला भरपूर पाणी पिऊन यायला सांगितलं होतं. केडगावातून निघताना ती तांब्यावर तांब्या प्यायली होती. बिभीषणला हसू आवरेना.

मागच्या वर्षी गर्भ सोडल्यावर सुरेखा लगेच नागापूरच्या कारखान्यात पॅकिंगच्या कामावर गेली. गर्भ राहिला नाही. "कामावर गेली म्हनून गेलं," असं झुंबरबाई वर्षभर गल्लीत सांगत होती. ज्या दिवशी ते सुरेखाच्या कानावर यायचं, त्या दिवशी तिच्या ताटात अर्धी भाकरी उरायची.

या वेळी गर्भ सोडून झाला आणि सुरेखा उठून तडक बाथरूमकडे पळाली, तशी झुंबरबाई ओरडलीच, "अगं निजून ऱ्हा! पडंल ना!"

डॉक्टर अपूर्वा हसल्या. "आजी, उठल्यानं गर्भ पडत नाही. चालल्यानं नाही, कामावर गेल्यानंही नाही. गर्भ मुळात चांगला हवा, गर्भाशयाचं अस्तर तयार हवं, बाईचं वयही बघावं लागतं. मागचा गर्भच कमजोर होता. यंदाचा छान वाढलाय. तरी खात्री कुणालाच देता येत नाही."

झुंबरबाई पदराशी चाळा करत बसली. मग हळूच म्हणाली, "म्याडम, उसाची मोळी उचलली तर?"

"सुरेखाताई ऊस तोडतात?"

"ती न्हाई, मी. लई वर्सं झाली. तोडीला गेल्तो आमी. दुसरा म्हैना हुता. मोळी डोक्यावर घेतली आन् त्याच दिशी गेलं. सासू मरस्तोवर म्हनायची, तूच खाल्लंस."

अपूर्वा खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. "इतक्या लवकर जातात ना आजी, ते बहुतेक वेळा गर्भातच दोष असतो म्हणून. तुमच्यामुळं गेलं, असं मी म्हणणार नाही."

"व्हय?"

"हो."

"व्हय?" झुंबरबाईने पुन्हा विचारलं.

परतताना रिक्षा चांगलीच आदळली. या वेळी झुंबरबाईचा हात मुलाच्या खांद्याकडे गेला नाही. घर आल्यावर तिने सुरेखाला एवढंच विचारलं, "भूक लागली आसंल. काय करू?"

दोन आठवड्यांनी रक्ताचा रिपोर्ट चांगला आला; दिवस राहिले होते. बाळाचे ठोके दिसेपर्यंत कुणाला सांगू नका असं दवाखान्याने बजावलं होतं; बिभीषणने हॉर्न वाजवत गल्लीला दोन चकरा मारल्या.

सोमवारी सुरेखा कामावर निघाली. समोरच्या ओट्यावरून छबूबाईने हटकलं, "आता गं झुंबर? हिला कामाला धाडतीस? काय झालं म्हंजे?"

"काय हुत न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "आन् झालंच, तर तिच्यामुळं झालं आसं ह्या गल्लीत कुनी म्हनायचं न्हाई. मीबी न्हाई."

सुरेखा थबकली. झुंबरबाईने तिच्या हातात डबा दिला, आणि कारखान्याची बस कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती दारात ताठ उभी राहिली.