भोंगेवाला जावई

सासऱ्याने जावयाच्या दुकानाची पायरी चढू नये असा काही कायदा नाही. पण फोरमनसाहेबांनी तो स्वतःपुरता केला होता आणि मुलीच्या लग्नापासून इमानेइतबारे पाळला होता. जावयाचं दुकान गाड्यांना स्टिरिओ, स्पीकर, हॉर्न बसवून देण्याचं. उभा जन्म लेथपुढे काढलेल्या माणसाच्या लेखी हे काही काम नव्हे. "पोरीने भोंगेवाला केला," असं ते चारचौघांत म्हणत, आणि जावई जवळ असला तर आवाज जरा वाढवूनच म्हणत.

म्हणून त्या दुपारी ती बुटकी, लाल, दोन सीटची स्पोर्ट्‌स कार दुकानापुढे येऊन थांबली, तेव्हा जावयाच्या हातातला पाना हातातच राहिला. भंगारातून उचलून सासऱ्यांनी ती गाडी नट नट जोडत उभी केली होती. तिला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. सासूबाईंसाठीसुद्धा दार ते स्वतः उघडत आणि स्वतः लावत. याला प्रेम म्हणावं की अविश्वास, हे त्या माउलीला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

"जावईबापू, हिच्यात स्टिरिओ बसवायचाय," सासरे गाडीतूनच म्हणाले. "नवा. तो रस्ता सांगणारा असतो ना, तसला. पण डॅशबोर्डला एक जरी भोक पाडलंत, तर याद राखा."

"नाही पाडणार, बाबा."

"बघू."

त्या 'बघू'मध्ये सगळं आलं. जावयाला कळून चुकलं की ही गाडी नाही, ही परीक्षा आहे. पास झाला तर यापुढे त्या घरात ताठ मानेने जेवायला बसता येईल. नापास झाला तर भोंगेवाला तो भोंगेवालाच, आणि बायको बिचारी नवरा आणि बाप यांच्या मध्ये आहे तशीच पिळली जाणार. खोटं कशाला बोला, त्याला ती शाबासकी हवी होती. चाळिशी उलटलेल्या माणसाने शाबासकीसाठी झुरणं शोभत नाही, पण झुरणाऱ्याला ते सांगणार कोण?

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "बाबा तुझ्याकडे आलेत का रे? मी इथे घरी येऊन बसलेय त्यांच्या. शेजारचे म्हणतात, नाश्ता करून लगेच गाडी घेऊन निघाले. फोन उचलत नाहीयेत."

"आत्ताच आले," जावई म्हणाला आणि त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सासऱ्यांच्या घरापासून दुकान म्हणजे फार तर पंधरा मिनिटं. आता जेवणाची वेळही टळून गेली होती. सासऱ्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि पेट्रोलचा काटा तळाला टेकला होता.

"वाटेत कुठे थांबला होतात का, बाबा?"

"गाडी जरा मोकळी करत होतो. तुम्ही कामाला लागा."

जावई कामाला लागला. सासरे स्टूल ओढून अगदी दारापाशी बसले. स्टिरिओ डॅशबोर्डच्या झाकणाच्या खणात बसवायचा, त्याची पट्टी जुन्याच बोल्टांना अडकवायची, स्पीकर पायाशी लपवायचे, असं त्याने ठरवलं. तो स्क्रू फिरवी आणि सासरे घसा खाकरत. तो वायर सोली आणि सासरे पुढे वाकत. त्याच्या मानेवर त्यांचा श्वास येत होता.

"एक ध्यानात ठेवा," सासरे म्हणाले. "ही उलटी गाडी आहे. बॉडीला प्लस."

जावई थांबला. आजकालच्या गाड्यांत बॅटरीचा मायनस गाडीच्या पत्र्याला जोडलेला असतो. जुन्या काही गाड्यांत मात्र पत्र्याला प्लस असे. नवा स्टिरिओ त्यात चुकीचा जोडला की आधी धूर निघतो, आणि नशीब फुटकं असलं तर जाळ. अशा गाडीसाठी मध्ये वेगळा डबा बसवावा लागतो.

"एकदा मीटर लावून बघू का?"

"मी सांगतोय ना!"

आता आली का पंचाईत! मीटर लावायचा म्हणजे सासऱ्यांच्या शब्दावर शंका घ्यायची, तीही त्यांच्या देखत, त्यांच्याच गाडीत. शिवाय जावयाला एक गोष्ट पक्की आठवत होती. लग्नानंतर पहिल्यांदा तो त्या घरी जेवायला गेला, तेव्हा याच सासऱ्यांनी पानातलं अन्न निवेपर्यंत त्याला ऐकवलं होतं, की या गाडीचा अख्खा करंट त्यांनी एकट्याने कसा फिरवला, डायनॅमोपासून सगळं कसं बदललं आणि बॉडीला मायनस कसा आणला. 'वा, वा' म्हणून त्याचा जबडा दुखला होता. तो पराक्रम हा माणूस विसरेल? एक वेळ स्वतःचं नाव विसरेल.

सासरे तोंडावर पाणी मारायला आत गेले. जावयाने चोरासारखा मीटर काढला आणि टोकं टेकवली. बॉडीला मायनस.

त्याने टोकं पुन्हा टेकवून पाहिली. पुन्हा मायनस. त्याने मीटर घाईघाईने खिशात कोंबला आणि डब्याबिब्याच्या भानगडीत न पडता साधी जोडणी केली. सासरे रुमालाने मान पुसत बाहेर आले.

"सांगितलं तसंच जोडलंत ना?"

"हो, बाबा."

आजवर त्याने सासऱ्यांना बऱ्याच थापा मारल्या होत्या, पण ही मारताना तो वायरींकडेच बघत राहिला.

त्याने किल्ली फिरवली. मीटरने सांगितलेलं असूनही त्याचे कान फ्यूजकडे आणि नाक धुराकडे लागलं होतं. खणातला पडदा उजळला. एक बाई स्वच्छ आवाजात म्हणाली, "नमस्कार."

सासरे वाकले. डॅशबोर्डच्या कडेकडेने त्यांनी बोट फिरवलं, खालून फिरवलं, खणाचं झाकण लावून पाहिलं. झाकण लावलं की आत काही आहे याचा पत्ता लागत नव्हता. त्यांनी ते पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"हात चांगला आहे तुमचा," सासरे म्हणाले.

इतकी वर्षं ज्यासाठी जीव टाकला ते वाक्य असं सहज पुढ्यात पडलं, आणि जावयाला त्याची चवच लागेना.

"आता हिला घर सांगून ठेवा माझं. म्हणजे कुठूनही विचारलं तरी सांगेल ना?"

"सांगेल. पत्ता घालतो."

"पाण्याच्या टाकीमागे, दुसरी गल्ली, कोपऱ्यातलं घर."

जावयाचं बोट पडद्यावर अडखळलं. टाकीमागचं घर भाड्याचं होतं. त्याची बायको तिथे जन्मली होती. ते पाडून तिथे कधीच गोदाम उभं राहिलं होतं. सासरे शांतपणे त्याच्याकडे पाहत होते. त्याने मान खाली घातली आणि त्यांचा खरा पत्ता टाकला.

"झालं, बाबा."

"चला, एक चक्कर मारू. शेजारी बसा."

त्या सीटवर तो पहिल्यांदाच बसत होता. दार सासऱ्यांनी उघडून दिलं. गाडी रस्त्याला लागली आणि सासरे नेहमीसारखे झोकात गिअर टाकू लागले, तसा जावयाचा जीव थोडा भांड्यात पडला. मोठ्या चौकाच्या अलीकडे ती बाई म्हणाली, "पुढे डावीकडे वळा."

"डावीकडे?" सासरे म्हणाले. "खुळी की काय ही? उजवीकडे."

"पुढे डावीकडे वळा."

त्यांनी गाडी उजवीकडे घातली, मग डावीकडे ओढली आणि चौकाच्या ऐन मध्यावर करकचून ब्रेक दाबला. समोरून ट्रक येत होता. तो हॉर्न देत राहिला, जवळ येत राहिला, आणि सासरे दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून नुसते समोर बघत होते.

"बाबा! गाडी काढा!" जावई ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा तो त्यांच्यावर ओरडत होता. "काढा म्हणतो ना!"

गाडी उडी मारून पुढे गेली. ट्रक मागून घासूनच गेला. सासऱ्यांनी कडेला घेऊन इंजिन बंद केलं.

"तुमचा भोंगा चुकतोय," सासरे म्हणाले. आवाज चढला होता, पण कापत होता. "साधा पत्ता घालता येत नाही तुम्हाला! जीव गेला असता!"

'हो बाबा, माझंच चुकलं,' हे वाक्य जावयाच्या जिभेवर आलंही होतं. किती सोपं होतं ते! त्यांची पत राहिली असती, आपण पुन्हा भोंगेवाले झालो असतो, एवढंच. आणि उद्या सकाळी नाश्ता करून हा माणूस एकटाच गाडी काढून निघाला असता.

"भोंगा बरोबर आहे, बाबा," तो म्हणाला. "घर डावीकडेच आहे. टाकीमागचं घर पाडलं. आणि बॉडीला प्लस नाही, मायनस आहे. तुम्हीच केलाय."

सासरे त्याच्याकडे वळले. आता हे आपल्याला खाली उतरवणार, असं त्याला वाटलं. त्यांच्या डोळ्यांत आधी संताप आला, मग तो विझला, आणि जे उरलं ते बघवेना.

"दुकानात का नाही बोललात?"

"तुमचा मान..."

"मानाचं काय लोणचं घालू?"

मागून गाड्या जात राहिल्या. स्टिअरिंगवर अंगठा घासत ते म्हणाले, "सकाळपासून शोधत होतो तुमचं दुकान. विचारायची लाज वाटली कुणाला."

त्यांनी किल्ली काढून जावयाच्या हातावर ठेवली. मग दार उघडून, गाडीला हात टेकत टेकत वळसा घालून ते त्याच्या बाजूला येऊन उभे राहिले.

"सरका तिकडे. तुम्ही चालवा."

जावई सरकला. सासरे बसले आणि दार त्यांनी ओढून घेतलं.

"पोरीला तुम्ही काही सांगायचं नाही," ते समोर बघत म्हणाले. "मी सांगणार आहे. आज जेवताना." मग थोडं थांबून, अगदी हळू, "आणि जेवताना मी काही बोललो नाही, तर मात्र तुम्ही सांगा."