नऊ नंबरचा आवाज

हुम्प्पा सुरू झाला आणि दोन-चार ठेक्यांतच इल्पोच्या लक्षात आलं, की गिटार आपल्या ताब्यात राहिलेली नाही. हुम्प्पा म्हणजे टुणटुणत पळणारा नाच. त्यात सूर वाजला की लगेच गप्प बसायला हवा. इथे एकेक सूर विहिरीत हाक मारल्यासारखा घुमत होता आणि पुढच्या सुराच्या मानगुटीवर बसत होता. तळ्याकाठच्या मंडपातल्या लाकडी फरशीवर जोड्यांची पावलं चुकायला लागली. हिरव्या शर्टातले एक आजोबा तर चक्क थांबले आणि नासकं दूध विकणाऱ्या दुकानदाराकडे पाहावं तसं मंचाकडे पाहू लागले.

हान्नेलेने मान वळवली नाही. बँड तिचा, अकॉर्डियन तिचं, आणि तिची मान गरजेशिवाय वळत नसे. तिने फक्त भाता जोरात ओढला आणि इल्पोचा आवाज त्याखाली झाकून टाकला. हे रागावण्यापेक्षा वाईट होतं.

हिवाळ्यापर्यंत या बँडमध्ये दोन गिटारी होत्या. इल्पो ठेका धरायचा आणि तैस्तो त्यावर सूर काढायचा. आठवडाभर इल्पो गावोगाव फिरणाऱ्या वाचनालयाची बस चालवायचा, तैस्तो शाळेचं बॉयलर सांभाळायचा, आणि उन्हाळ्यातले सगळे शनिवार दोघे शेजारी शेजारी उभे राहायचे. बोलायचे फारसं नाही. फेब्रुवारीत छपरावरचा बर्फ खाली ढकलताना तैस्तोच्या छातीत कळ आली आणि तो गेला.

हान्नेलेला आता दोन गिटारवाले नको होते. सेइनायोकीचा एक तरुण वादक दोन्ही कामं एकटा करतो, असं तिने ऐकलं होतं. इल्पोने आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे काही मागितलं. एक संध्याकाळ दे, म्हणाला, दोन्ही कामं मीच करून दाखवतो. जमलं नाही तर मी घरी बसेन. हान्नेलेने ही संध्याकाळ दिली होती. वेगळं काही सांगायची गरज दोघांनाही वाटली नव्हती.

दोघांच्याही पायाशी एकेक फळी असायची. फळीवर आवाज बदलणारी पेडल, आणि कुठली चालू, कुठली बंद हे एका दाबात ठरवणारा लांबट स्विचर. वॉल्ट्झला एक नंबर, टँगोला दुसरा, हुम्प्पाला तिसरा. तैस्तोची बायको आयला त्याची फळी सौनाच्या टॉवेलात गुंडाळून इल्पोच्या घरी घेऊन आली होती. "घरात पायात येतेय," एवढंच म्हणाली आणि कॉफीही न घेता गेली.

दोन फळ्यांवर नाचायचं तर इल्पोचा उजवा गुडघा कामातून गेलेला. म्हणून त्याने दोन्ही स्विचर एका बारीक केबलने जोडले. आपल्या स्विचरवर नंबर दाबायचा, की तो तैस्तोच्या स्विचरलाही तोच नंबर कळवणार. केबल लावून त्याने बटणं दाबून पाहिली. दोन्हीकडचे दिवे एकदम लागले, तसा तो शांतपणे झोपी गेला. वाजवून मात्र पाहिलं नाही.

गाण्यांची पहिली जोडी वॉल्ट्झची होती, ती निभावली. टँगो जरा कोरडा वाटला, पण टँगोत लोक एकमेकांकडे पाहतात, गिटारीकडे नाही. हुम्प्पाने पितळ उघडं पाडलं.

नाच इथे जोडीने वाजतात. एकाच प्रकारची दोन गाणी, आणि मग पुरुषाने बाईला तिच्या जागेवर नेऊन सोडायचं. मधल्या क्षणभरात जोड्या फरशीवरच उभ्या राहतात आणि हातांचं काय करावं हे कोणालाच सुचत नाही. त्या क्षणभरात इल्पोने खाली पाहिलं. त्याच्या स्विचरवर तीनचा आकडा होता. तैस्तोच्या स्विचरवर दोन. तिथे टँगोचा लांबलचक घुमारा साठवलेला.

त्याचा स्विचर एकपासून मोजत होता. तैस्तोचा जुना स्विचर शून्यापासून. दोघं एकमेकांशी बोलत होते, पण तैस्तोचा दर वेळी एक घर मागे राहत होता.

इल्पोने वाकून केबल उपटली आणि दुसरा हुम्प्पा दोन्ही पायांनी दोन्हीकडे दाबत वाजवला. गुडघ्याने बोंब मारली, पण सूर वेळेवर गप्प बसले. आजोबा पुन्हा नाचायला लागले.

कॉफीची सुट्टी झाली. सगळे भाजलेल्या मक्कारा सॉसेजच्या वासामागे बाहेर गेले आणि इल्पो मंचावर गुडघे टेकून बसला. हान्नेले दोन कप घेऊन आली.

"घरी वाजवून बघ म्हटलं होतं तुला."

"दिवे लागत होते."

"दिवे माझ्या फ्रीजमध्येही लागतात, इल्पो."

त्याने मान खालीच ठेवली. "सगळं एकेक घर मागे सरकवतोय. मग येईल बरोबर."

"आणि नाही आलं तर?"

"तर त्या पोराला बोलाव. फोन मीच लावून देतो."

हान्नेलेने त्याचा कप खाली ठेवला आणि वर दालचिनीचा पाव ठेवून निघून गेली.

इल्पो सरकवायला लागला. काम किचकट नव्हतं, जिवावर येणारं होतं. नवा आवाज साठवला की त्या घरातला जुना पुसला जातो. तैस्तोने वर्षानुवर्षं कान लावून जमवलेले बरेचसे आवाज इल्पोने गेल्या महिन्यात असेच पुसले होते, आणि आज शून्य नंबरचाही गेला. फक्त नऊ नंबरला त्याने हात लावला नव्हता. तिथे दर शनिवारच्या शेवटच्या वॉल्ट्झचा तैस्तोचा आवाज होता. इल्पोच्या स्विचरला घरं आठच, त्यामुळे केबलमधून तो नऊपर्यंत पोचूच शकत नव्हता. ते घर पुसावं लागलं नाही याचं त्याला बरं वाटलं होतं. ते कधी वाजणार नाही याचं वाईटही.

सुट्टीनंतर बायकांची पाळी होती, म्हणजे नाचायला विचारायचं बायकांनी. केबल पुन्हा जोडलेली होती. इल्पो एक दाब देत होता आणि दोन्ही स्विचर एकदम वळत होते. टँगो टँगोसारखा वाजला, उड्या मारत नाचायचा येंका येंकासारखा. हान्नेलेचा भाता हळूहळू सैल झाला. तेव्हाच त्याला भिंतीपाशी आयला दिसली. नाचाचे बूट घालून आली होती. अंत्यविधीनंतर ती मंडपात पहिल्यांदाच येत होती. तिने कोणालाच विचारलं नाही. पर्स दोन्ही हातांत धरून ती तशीच उभी राहिली.

हान्नेलेने शेवटचा वॉल्ट्झ पुकारला, तेव्हा आयला खुंटीवरचा कोट काढत होती. इल्पोचा पाय आपल्या आठ नंबरवर होता. तिथे त्याने स्वतःचा वॉल्ट्झ तयार करून ठेवला होता, चांगला, साधा, बिनधोक. आज धोका घेण्यासारखी संध्याकाळ नव्हती. आठ तर त्याने दाबलाच, पण मग डावा पाय उचलून तैस्तोच्या स्विचरवर नेला आणि नऊ नंबर हाताखाली, नव्हे, पायाखाली घेतला.

आवाज किंचित थरथरत आला, पाण्यावरून आल्यासारखा. इल्पोला मित्राची आठवण इतक्या जोरात आली, की बोटं चुकतील असं वाटलं. चुकली नाहीत. हान्नेलेने मान वळवली.

आयलाचा एक हात कोटाच्या बाहीत गेला होता. दुसरी बाही लोंबत राहिली आणि ती तशीच उभी राहिली, गाणं संपेपर्यंत.

लोक पांगले. इतक्या रात्रीही बाहेर उत्तरेकडच्या उन्हाळ्याचा उजेड होता. हान्नेले अकॉर्डियनचे पट्टे आवळत म्हणाली, "पुढच्या शनिवारी अलायार्वीच्या मंडपात. दोन्ही फळ्या आण." एवढ्याने इल्पोचा उन्हाळा पक्का झाला.

तो वायरी गुंडाळत होता, तेव्हा आयला मंचापाशी आली.

"मला वाटलं, सगळं पुसलं असशील."

"बाकी पुसलं," इल्पो म्हणाला. "पुसावंच लागलं. ते एक राहिलंय."

"कुठलं बटण?"

त्याने दाखवलं. ती मंचावर चढली. "मला कधी हात लावू दिला नाही त्याने याला. धूळ पुसायलासुद्धा नाही." आणि बुटाच्या टोकाने तिने बटण दाबलं.

दिवा लागला नाही. प्लग केव्हाच काढला होता. आयलाने पाय मागे घेतला नाही. इल्पो उठला, आणि गुंडाळलेली वायर पुन्हा उलगडायला लागला.