मिजला माझा हेवाच नाही

मिज नावाची कुत्री माझी सवत आहे, हे मी गेली आठ वर्षं सगळ्यांना सांगत आले. लोक हसायचे. मी काही हसवायला सांगत नव्हते.

माझा नवरा फर्गस दिवसभरात माझ्याशी बोलतो ते "चहा आहे का" आणि "वारा सुटलाय" एवढंच. मिजशी मात्र डोंगरावर मेंढ्या वळताना त्याच्या तासन्‌तास गप्पा. "शाब्बास गं माझी राणी," असं तो तिला म्हणतो. कुंपणाआडून मी माझ्या कानांनी ऐकलंय. मला राणी सोडा, ग्लेनिस म्हणूनसुद्धा तो क्वचितच हाक मारतो. आमच्या मॅनिओटोटोच्या पठारावरचे पुरुष असेच, असं म्हणून माझी आई मला गप्प करायची. पण बोलता येत नसेल तर कुत्रीशी तरी कसं येतं?

आता मेंढ्यांचं सगळं मुलाने हातात घेतलंय. आमच्यासाठी मी अलेक्झांड्रा गावात एक घर बघून ठेवलं होतं. छोटंसं, पायऱ्या नसलेलं, मागे जर्दाळूचं झाड. माझं गाण्याचं मंडळही तिथेच भरतं. घराची मालकीण शुक्रवारपर्यंत थांबायला तयार होती. फर्गस रोज म्हणायचा, "बघू." मी वैतागून सांगून टाकलं होतं, "तू नाही आलास तर मी एकटी जाईन." त्यावरही "बघू." हे घोडं कुठे अडलंय ते मला पक्कं ठाऊक होतं. डोंगरात धावणारी कुत्री गावातल्या अंगणात थोडीच रमणार! एका कुत्रीपायी माझं म्हातारपण लटकलं होतं, आणि माझा नुसता तिळपापड होत होता.

त्याच आठवड्यात ड्युनेडिनच्या विद्यापीठातून मेरेआना आली. कुत्र्यांना हेवा वाटतो का, यावर तिचं संशोधन होतं. शहरातली कुत्री म्हणे मेंदूचे फोटो काढणाऱ्या यंत्रात निमूट पडून राहतात. आमची कुठली राहायला! म्हणून तिने छातीला बांधायचे पट्टे आणले होते. पट्टा काळजाचे ठोके टिपणार आणि लॅपटॉपवर त्याची रेघ उमटणार. मालकाचं आणि कुत्र्याचं काळीज एकाच वेळी धडधडतं का, हेही तिला बघायचं होतं, म्हणून एक पट्टा मालकालाही.

बुधवारी दुपारी लोकर कातरायच्या शेडमध्ये सगळे जमले. बायकांनी चीज रोल भाजून आणले होते. मिजला खांबाला बांधलं, समोर खुर्चीवर फर्गस, दोघांच्याही छातीला पट्टे. मेरेआनाने त्याच्या मांडीवर एक खोटं कुत्रं ठेवलं, आत कापूस, वर खरी वाटावी अशी लव. "कुरवाळा त्याला," ती म्हणाली. फर्गसने कानामागे खाजवायला सुरुवात केली मात्र, मिज उभी राहिली. दोर ताणला, कान मागे गेले, घशातून चिरका आवाज निघाला. लॅपटॉपवरची रेघ टणाटण उड्या मारायला लागली.

मला आतून बरं वाटलं. जळ, म्हटलं. तुलाही कळू दे.

मग खोटं कुत्रं काढून त्याच्या मांडीवर एक बादली ठेवली. फर्गसने बिचाऱ्याने बादलीही कुरवाळली. मिज खाली बसली, रेघ सपाट झाली.

"आता घरातलं कुणीतरी हवं," मेरेआना म्हणाली. "ग्लेनिस, तुम्ही याल? ते तुम्हाला जवळ घेतील."

सगळ्या शेडसमोर? पण मी गेले. खरं सांगते, मला त्या कुत्रीचं थोबाड बघायचं होतं. फर्गसने लोकरीचा गठ्ठा उचलावा तसा माझ्या खांद्याभोवती हात टाकला. मी मिजकडे रोखून पाहिलं. आता उठेल, आता दोर ताणेल.

मिजने जांभई दिली आणि पुढच्या पंजांवर डोकं टेकवलं.

शेडभर हशा. आमची शेजारीण बेव्ह चीज रोल हातात घेऊन ओरडली, "अगं ग्लेनिस, तुझ्यात नि बादलीत काडीचा फरक नाही! त्यापेक्षा लिंडनला बोलवा. तो घेईल हिला जवळ, मग बघू कोण भुंकतं ते!"

लिंडन आमच्या मंडळात पियानो वाजवतो. विधुर आहे, रस्त्यावर बर्फ गोठलं की मला गाडीने घरी सोडतो. मी बेव्हला म्हटलं, "तुझ्या तोंडात अजून एक रोल कोंब." पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आठ वर्षं मी जिच्यावर जळत होते, तिच्या खिजगणतीतही मी नव्हते.

मेरेआनाने हळूच विचारलं, "तुम्हा दोघांना हिने असं जवळ कधी पाहिलंय?"

काय हा प्रश्न! कामाचं कुत्रं आमच्याकडे घराचा उंबरा ओलांडत नाही. मालकाशिवाय कुणी त्याच्या अंगाला हात लावत नाही, बिघडतं ते. आणि घराबाहेर आपल्या बायकोला हात लावणारा पुरुष या भागात मी तरी पाहिलेला नाही.

"म्हणजे तुम्ही त्यांच्या बायको आहात, हे तिला माहीतच नाही," मेरेआना म्हणाली. तिने डोक्याला हात लावला. शहरातल्या कुत्र्यांवर बेतलेला प्रयोग तिने जसाच्या तसा इथे आणला होता.

चहाच्या वेळी मी तिच्या लॅपटॉपपाशी उभी होते. "ही फर्गसची रेघ," तिने दाखवलं. "खोट्या कुत्र्याला काही नाही, बादलीला काही नाही. तुम्हाला जवळ घेतलं तेव्हा थोडी वर. पण मग हे बघा, इथे केवढी उडालीये. त्या वेळी काय झालं होतं? मिज तर झोपायला लागली होती."

"हे प्रेम का भीती?"

"ते रेघेवरून कळत नाही. काळीज धडधडलं, एवढंच कळतं."

मी बोट ठेवून बघितलं. मिजची जांभई, मग शेडभर हशा, आणि लगेच ती उडी. बेव्हने लिंडनचं नाव घेतलं होतं तेव्हा. मी मेरेआनाला म्हटलं, "काही नाही गं, कुणीतरी हसलं असेल." कप उचलून मी तिथून सटकले.

घरी जाताना फर्गस गाडी चालवत होता, मिज मागच्या हौद्यात. मी विचारलं, "गावात गेलो तर मिजचं काय?"

"ती पोराकडे राहणार. ते कधीच ठरलंय." त्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं.

"मग अडलंय कुठे?"

त्याने चढावर गिअर बदलला. चढ संपला, वळण आलं. मग काचेतून समोर बघत म्हणाला, "तो पियानोवाला. त्याचं घर त्या घरापासून किती लांब आहे?"

लिंडन नदीपलीकडे राहतो, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. हे सांगायला माझं काय जात होतं? पण आठ वर्षं मी एकटी जळत होते.

"समोरच," मी म्हणाले.

फर्गसने स्टिअरिंग घट्ट धरलं. त्याच्या मानेची शीर मला दिसत होती, पट्टा नसतानाही.

"मग तू एकटी कशी जाशील," तो म्हणाला. "त्या घरमालकिणीला आजच फोन कर."